राखेच्या पाइपला पोपटी रंग

मी पाइपांची इंजिनिअर होते हे आमच्या धरमपेठेतल्या सोसायटीत ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी माझी निवृत्ती संपली. सकाळी चहाचा कप हातात घेते न घेते तोच सेक्रेटरी दारात उभे. तिसऱ्या मजल्यावर प्रेशर नाही, असं सांगायला आले होते. हे गृहस्थ आयुष्यभर कॉलेजात वाणिज्य शिकवत होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं. माझ्याकडे येण्याआधी त्यांनी उपायही करून टाकला होता. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारा दोन इंची पाइप काढून तिथे एक इंची बसवला होता. बागेत नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं. तेव्हा पाइप बारीक केला की प्रेशर वाढणार, असा त्यांचा सिद्धांत.

अंगठा दाबल्यावर पाणी लांब उडतं, पण बादली उशिरा भरते, हे पाहायची तसदी मात्र कोणी घेत नाही. मी त्यांना बसवून सांगितलं. पाणी पाइपातून जाताना भिंतीला घासत जातं आणि त्या घासण्यात त्याचा जोर खर्च होतो. पाइपची रुंदी निम्मी केली की आतली जागा निम्मी होत नाही, पाव होते. तेवढंच पाणी न्यायचं तर वेग चौपट हवा. आणि वेग दुप्पट झाला की घासण्यात जाणारा जोर चौपट होतो, चौपट झाला की सोळापटीच्याही वर जातो. तेवढा जोर गच्चीवरची टाकी आणणार कुठून? नळ बंद असतो तेव्हा प्रेशर पूर्ण असतं आणि पाणी शून्य. बंद नळाला प्रेशर मोजायचा काटा लावून "प्रेशर तं बरोबर आहे" म्हणणारे प्लंबर या शहरात पोत्यानं सापडतील. सेक्रेटरींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पंप मोठा बसवू का?

असो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, आणि मी ते पस्तीस वर्षं ओतलं. फक्त माझ्या पाण्यात राख होती. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी "तुमच्या कामातलं काहीतरी हलकंफुलकं द्या" असं म्हटलं तेव्हा मला हसू आलं. राख हलकी असते खरी. पण ती पाण्यात कालवून पाइपातून ढकलायला लागलात, की तिच्याएवढं जड काही नाही.

नागपूरहून तासाभराच्या अंतरावर एक खाजगी वीज केंद्र आहे, तिथे मी होते. नाव सांगत नाही. कोराडीचं नव्हे एवढं सांगते, कारण नागपुरात राख म्हटली की माणसं डोळे मिटून कोराडीकडे बोट दाखवतात. कोळसा जाळून वीज करतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. उरलेल्या राखेचं काय करतात, हे मात्र वीज वापरणाऱ्या मोठ्या माणसांना कधी विचारावंसं वाटत नाही. आमच्याकडे ती राख पाण्यात कालवायची, मोठ्या पंपाने लोखंडी पाइपात ढकलायची आणि सहा किलोमीटरवरच्या राखेच्या तलावात नेऊन सोडायची. या कालवणाला स्लरी म्हणतात. हे खातं म्हणजे कारखान्याचं मागचं दार. टर्बाइनवाले, कंट्रोल रूमवाले आमच्याकडे असे बघत, जसं लग्नघरात खरकटी भांडी घासणाऱ्यांकडे बघतात. बाई म्हणून मला तिथे टाकलं होतं. कंटाळून नोकरी सोडेल असा हिशेब होता. तो चुकला.

स्लरीचं शास्त्र कुठल्याही स्वयंपाकघरात समजतं. वरणाचं पातेलं ढवळायचं थांबलं की डाळ तळाशी बसते. पाइपातला वेग कमी पडला की राख तशीच तळाशी बसते, मग तिच्यावर आणखी राख, आणि शेवटी पाइप चोंदतो. बरं, वेग वाढवावा तर ती राख आतून पाइप खाते, कारण राखेत बारीक वाळूसारखी कच असते. म्हणजे हळू गेलं तर चोंदणार, जोरात गेलं तर झिजणार. यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून स्लरी चालवायची, एवढंच माझं पस्तीस वर्षांचं ज्ञान. ते दोन ओळींत सांगता येतं, आणि तरीही एकाही बड्या साहेबाला कळलं नाही.

एक साहेब असे आले, त्यांना पाणी वाचवायचं होतं. राखेत एवढं पाणी काहून घालता, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तर येण्याआधी अर्धं करायचा हुकूम काढला. मी लेखी कळवलं की लाइन चोंदेल. तो कागद त्यांनी टेबलावरच्या काचेखाली व्यवस्थित ठेवला. तिसऱ्या दिवशी दोन किलोमीटर पाइप गच्च भरला. एकेक जोड उघडून, सळया घालून राख उकरायला आठवडा लागला आणि वाचवलेल्या पाण्याच्या कितीतरी पट पाणी धुण्यात गेलं. नंतर साहेब म्हणाले, आधी सांगायचं ना.

या चोंदलेल्या लाइनीवर मला देवाजी भेटला. ठेकेदाराकडचा फिटर. शिक्षण आठवी, वय तेव्हा तिशीच्या आसपास, बोलणं कमी. बाकीचे सळया घेऊन पहिल्यापासून एकेक जोड उघडत होते. हा हातोडी घेऊन पाइपावर ठोकत पुढे चालत गेला आणि दोन तासांत परत येऊन म्हणाला, चोंदणं कुठून कुठवर आहे ते मी खडूनं लिवून आलो, तेवढेच जोड उघडा. मी इंजिनिअर, माझ्याकडे डिग्री. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. दोन चुकीचे जोड उघडून झाल्यावर ठेवला.

आता पाइप फिरवण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. राख जड, म्हणून ती पाइपच्या तळातून घासत जाते. पाइप सगळीकडून झिजत नाही, फक्त खालून झिजतो. वरची बाजू नव्यासारखी आणि खालची पत्र्याएवढी. मग सगळा पाइप फेकायचा का? नाही. जोड सैल करायचे, चेनपुली लावायची आणि पाइप जागच्या जागी एक तृतीयांश फिरवायचा. झिजलेली बाजू वर गेली, चांगली खाली आली. काही महिन्यांनी पुन्हा एक तृतीयांश. असा एक पाइप तीन पाइपांचं आयुष्य जगतो. तिसरी बाजूही झिजली की मात्र तो काढायचाच. कारण तिसऱ्यांदा फिरवलात तर पहिली झिजलेली बाजू परत खाली येते आणि पाइप फुटतो.

कुठल्या पाइपची कितवी बाजू खाली आहे, हे कळावं म्हणून प्रत्येक पाइपच्या जोडाजवळ पांढऱ्या रंगाने एक, दोन किंवा तीन असा आकडा काढलेला असे. शेजारशेजारच्या दोन पाइपांची हकीकत सारखी नसे. कुणी मध्येच बदललेला, कुणी एकदा फिरलेला, कुणी दोनदा. ऑफिसात रजिस्टर होतं, पण त्यात "अमुक भागातले पाइप फिरवले" एवढीच नोंद. खरी माहिती पाइपच्या अंगावर होती. देवाजी मला कितीदा म्हणाला की मॅडम, रंगाचा काय भरवसा, आपण छिन्नीनं खूण मारू. मी म्हटलं, रंग पुरे आहे. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

देवाजी आणि मी बारा वर्षं एकत्र काम केलं. माझं ज्ञान पुस्तकातलं, त्याचं हातोडीतलं. रिकाम्या पाइपवर ठोकून तो सांगे, ही बाजू पातळ झाली, ही अजून सहा महिने चालते. जाडी मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. ते बिघडून दुरुस्तीला गेलं आणि ते गेलं ते गेलंच. दर महिन्याला मी त्याची चौकशी करी आणि दर महिन्याला खरेदी खात्यातला माणूस मला नव्याने विचारी की कुठलं यंत्र. देवाजीची हातोडी मात्र कधी दुरुस्तीला गेली नाही.

अशी बारा वर्षं झाल्यावर कंपनीने ठेक्यावरचे पाच फिटर कायम करायचं ठरवलं. कायम म्हणजे गेटवर रोज पास काढायची कटकट नाही, दवाखान्याचं कार्ड, कॉलनीत घर. देवाजीचं नाव यादीत पहिलं होतं, ते मीच घातलं होतं. अट एकच, की यादी निघेपर्यंत कामावर ठपका नको. वयामुळे त्याची ही शेवटची खेप होती. हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

आणि नेमके तेव्हाच कंपनीचे सर्वांत मोठे साहेब भेटीला येणार असं कळलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आमच्या केंद्राचे प्रमुख कामाला लागले. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागला, भंगाराभोवती कनाती उभ्या राहिल्या, आणि रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या राखेच्या लाइनीला पोपटी रंग द्यायचं ठरलं. पोपटी का, तर पर्यावरण. राखेच्या पाइपला हिरवा रंग दिला की राख हिरवी होते, असं यांना वाटत असावं. शिवाय ड्रोनने चित्रीकरण होणार होतं आणि वरून गंजकी लाइन चांगली दिसत नाही म्हणे.

सकाळी मी कामावर आले तेव्हा रंगारी तारेच्या ब्रशाने पाइप घासत होते. आकडे पुसले जात होते. मी धावत प्रमुखांकडे गेले आणि सांगितलं की ते आकडे म्हणजे आमची जन्मपत्रिका आहे, निदान ते उतरवून घेऊ द्या, दोन दिवस द्या. प्रमुख म्हणाले, भेट झाल्यावर पुन्हा लिहून घ्या. मी विचारलं, काय लिहू? आठवून? ते म्हणाले, मॅडम, तुम्ही फार बारीक विचार करता. मी त्यांच्या केबिनमधून बाहेर आले. बाहेर आले हे महत्त्वाचं, कारण तिथेच बसून राहायला हवं होतं.

मोठे साहेब आले. त्यांची गाडी काचा वर करून लाइनीशेजारून गेली. ते फोनवर होते. लाइनीकडे पाहिलं फक्त ड्रोनने. ती चित्रफीत नंतर सगळ्यांना दाखवली, मागे मंगल वाद्यं लावून. पोपटी पाइप उन्हात खरंच छान दिसत होता.

पंधरा दिवसांनी पाइप फिरवायची वेळ आली. नाल्यापासून गावाच्या वळणापर्यंतचे साठ पाइप. आमच्या दोन लाइनींपैकी दुसरीचा पंप उघडून ठेवलेला होता, त्यामुळे ही लाइन फार काळ बंद ठेवता येणार नव्हती. प्रमुखांनी तीन दिवस दिले, तासही जास्त नाही. पहिल्या दिवशी देवाजी सकाळीच हातोडी घेऊन लागला. पण रंगाचे दोन जाड हात चढल्यामुळे आवाज बसका येत होता. रंग खरवडून, तिन्ही बाजूंनी ठोकून एकेक पाइप बघावा लागत होता. दुपारपर्यंत दहा-बारा पाइप झाले. त्यांतले चार दोनदा फिरून झालेले निघाले. म्हणजे ते फिरवायचे नव्हते, काढायचे होते.

तो माझ्याजवळ आला. टोपीखालून घाम पुसत म्हणाला, "मॅडम, बाकीच्यातही असेच निघन. अंदाजानं फिरवू नका. मले दोन दिवस ठोकू द्या, मंग फिरवू."

मी प्रमुखांना फोन केला. त्यांनी दोन वाक्यांत नाही म्हटलं आणि तिसऱ्यात विचारलं की तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवू का. फोन ठेवला तेव्हा सगळी गँग माझ्याकडे बघत होती. लाइन बंद ठेवण्याचा अधिकार माझ्याही सहीत होता. दोन दिवस ती सही अडवून धरली असती तर वीज थोडी कमी झाली असती, माझ्यावर कागद निघाला असता, बस. मी देवाजीला म्हटलं, "फिरवा."

"बाकीचे सगळे?"

"सगळे. एक एक तृतीयांश."

त्याने परत विचारलं नाही. फिरवले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइन सुरू झाली आणि मी रिपोर्ट लिहिला. छापील नमुना होता, त्यात एक ओळ असे: पाइप खुणांनुसार फिरवले. ती ओळ खोडायला हवी होती. मी खोडली नाही, खाली सही केली. सवयीने केली असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. सवयीने नाही केली. वाचून केली.

नवव्या दिवशी भर दुपारी वळणावरचा पाइप फुटला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. पण स्लरीचा फवारा थेट गावाच्या पाणवठ्याच्या विहिरीवर पडत राहिला. पंप बंद होऊन लाइन रिकामी होईस्तोवर विहिरीत कमरेएवढी राख. संध्याकाळी सगळं गाव गेटवर. बायकांनी रिकामे हंडे आणून गेटसमोर रांगेने मांडले. टँकर सुरू झाले, आश्वासनं सुरू झाली आणि कुणीतरी दोषी असलाच पाहिजे म्हणून चौकशी सुरू झाली.

चौकशीच्या आदल्या दिवशी प्रमुखांनी मला बोलावलं. आवाज अगदी मऊ. म्हणाले, रंगाचा विषय निघाला तर मोठ्या साहेबांपर्यंत जाईल आणि मग तुमच्याही सहीपर्यंत येईल. लोक काय म्हणतील, बाईला राखेचं काम झेपलं नाही. बस, एवढंच. हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी तीस वर्षं पुरुषांपेक्षा दुप्पट काम केलं होतं, आणि त्या माणसाला ते बरोबर माहीत होतं. मी त्याची कीव करत असे. त्या दिवशी त्याला माझी नस सापडली.

चौकशीला तीन जण होते. त्यांतल्या एकाने स्लरीची लाइन जवळून पाहिली असेल असं मला वाटत नाही. देवाजी उभा, मी खुर्चीवर. त्याला विचारलं, खुणा पाहून फिरवले का?

"खुणा नव्हत्या साहेब. रंगात गेल्या."

रंगकामाचा या चौकशीशी संबंध नाही, असं अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मॅडम, तुमच्या रिपोर्टात 'खुणांनुसार' असं आहे, ते बरोबर ना? देवाजीने माझ्याकडे पाहिलं नाही. तो टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासांकडे बघत होता. मी म्हटलं, रिपोर्ट माझाच आहे.

काय उत्तर दिलं बघा. खोटं नाही आणि खरंही नाही. त्या क्षणी मला मी हुशार वाटले होते, हे सांगायची लाज वाटते, पण सांगते. अध्यक्षांनी मान डोलावली. फिटरने खुणा चुकीच्या वाचल्या, असा निष्कर्ष निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. रंगारी सुटले, प्रमुख सुटले, मी सुटले. यादी निघाली तेव्हा तीत चारच नावं होती आणि देवाजीला पाठवू नका असं ठेकेदाराला तोंडी सांगण्यात आलं. प्रमुखांची बढती होऊन बदली झाली. मलाही पुढे बढती मिळाली. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक पाइपवर छिन्नीने खूण मारायचा नियम झाला. तो मी केला आणि त्याबद्दल माझा सत्कारही झाला. नारळ, शाल, सगळं. बैल गेला नि झोपा केला, पण झोप्याचाही सत्कार करणारे लोक आहेत.

देवाजीकडे मी गेले नाही. पहिल्या वर्षी तोंड नव्हतं, नंतर वेळ नव्हता, नंतर वाटलं की आता काय उपयोग. निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा पाणी वाचवणाऱ्या साहेबावर चार पानं हसतखेळत लिहून झाली. वाचून पाहिली आणि फाडली. दुसऱ्यांच्या मूर्खपणावर मी कितीही लिहू शकते, ते मला येतं. मग जुन्या गँगमधल्या एकाकडून पत्ता काढला आणि गेल्या महिन्यात रिक्षा करून गेले.

शहराच्या टोकाला दोन खोल्यांचं घर, दारात बुद्धाची लहानशी मूर्ती, अंगणात बोअरचे पाइप रचलेले. लोकांचे बोअर आणि नळ दुरुस्त करतो. केस सगळे पांढरे झालेत, पण हातोडी तीच ठेवली आहे, दांडा तेवढा बदललाय. मला पाहून तो उठून उभा राहिला. त्याच्या बायकोने, कुसुमबाईंनी खुर्ची पुसून दिली. मी रिक्षात सगळं बोलणं ठरवून आले होते, कुठून सुरू करायचं, काय म्हणायचं. चहा झाला की बोलू असं ठरवलं. माझ्यासारखी माणसं नेहमी चहा झाला की बोलतात.

चहा देता देता कुसुमबाई म्हणाल्या, "तुमचं लय नाव घेते हे. तुम्ही तेव्हा सुट्टीवर गेल्या नसत्या तं हे झालंच नसतं, मॅडम. तुम्ही यांच्या गोष्टीले उभ्या राहिल्या असत्या."

मी देवाजीकडे पाहिलं. तो बशीत चहा ओतत होता. मी चहा प्यायले, मुलगी कुठे दिली ते विचारलं, गुडघ्यांचं विचारलं आणि उठले.

तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, देवाजी, मी सुट्टीवर होते असं का सांगितलंत? मी तर तिथेच होते. तो म्हणाला, "बारा वर्षं घरी येऊन तुमचं चांगलंच सांगे मी. मॅडमले काम समजते, मॅडम आपलं ऐकते. मंग एका दिवसात काय सांगू तिले, का ते सगळं खोटं होतं? सुट्टीवर गेल्या म्हनलं. मलेही बरं वाटलं तसं."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी ते घेऊन घरी आले असते आणि झोपले असते. रागाने नाही म्हटलं. हिशोबाचं एखादं साधं काम सांगावं तसं सांगितलं. मी त्याला म्हटलं की मी हे लिहिणार आहे, चालेल का. तो म्हणाला, "लिवा. पन तिले तुम्हीच वाचून दाखवा. माह्या तोंडून नाही निघनार ते आता."

तेव्हा कुसुमबाई, अंक छापून आला की मी तुमच्याकडे येईन आणि एवढं शेवटचं तुम्हाला वाचून दाखवीन. त्या दिवशी मी सुट्टीवर नव्हते. तुमच्या नवऱ्यापासून चार हातांवर उभी होते. त्यांनी दोन दिवस मागितले ते मला नीट ऐकू आलं होतं. फिरवा असं मी म्हटलं, आणि चौकशीत त्यांनी खरं सांगितलं तेव्हा मी खुर्चीवर बसून राहिले.